टॉम्सी स्कलीच्या नावानं

लॉर्कन डेलाहंट आमच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात हर्लिंगची, म्हणजे आमच्या आयरिश खेळाची, काठी. काठी पाहून मी त्याला आत घेतलं. नुसती बॅग असती तर चर्चचा पत्ता सांगून दार लावलं असतं.

सत्याऐंशी सालचा जुलै होता. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये आमची आयरिश पोरं इतकी उतरत होती की बेनब्रिज अॅव्हेन्यूवर कुणी अमेरिकन उच्चारात बोललं तर लोक मान वळवून बघत. सगळे पर्यटक. कागदोपत्री प्रत्येक जण तीन महिने स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघायला आलेला. पुतळा पाहिलेला एकही मला आजवर भेटला नाही.

मी निळ्या जर्सीवाल्यांच्या हर्लिंग क्लबचा सेक्रेटरी. ज्याला काठी बरी धरता येई त्याला आम्ही त्याच दिवशी खाट देत असू, आणि रविवारचा सामना खेळला की सोमवारी काम. मायदेशाचं सरकार साठ-सत्तर वर्षांत जे करू शकलं नाही ते आम्ही चार दिवसांत करत होतो, तेही अर्ज न मागता.

"कुठला रे तू?" मी विचारलं.

"ऑफली. किनिटीचा."

"आणि काम?"

"प्लास्टरचं. भिंती नाही हां, नक्षी. छतावरची फुलं, वेली, कडा. बाप तेच करायचा, आजाही." त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि उजवा हात पुढे धरला. बोटांची टोकं चुन्यानं खाल्लेली, कातडी जुन्या बुटासारखी. "एवढा एक हात घेऊन आलोय मी. निघताना आईनं बाकी काही सांगितलं नाही. म्हणाली, बाकी काही मोड, हा मोडू नकोस."

माझी बायको पेग चहा ओतत होती. ती एकोणीस वर्षं इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. "विमा आहे का रे बाळा?" तिनं विचारलं.

"कसला?"

"म्हणजे नाही." तिनं कप त्याच्यापुढे सरकवला. "मग नीट ऐक. इथं हाड मोडलं की हॉस्पिटलवाले हात जोडून देतात. त्यानंतर दहा वर्षं तू त्यांच्यापुढे हात जोडतोस. ते नको असेल तर रविवारी संध्याकाळी हे टेबल असतं. टाके घालते, दात काढते, खांदा निखळला तर बसवते. हाडं मी जोडत नाही."

लॉर्कननं टेबलाकडे पाहिलं. लाकडात काही डाग होते. त्यानं चहाचा कप जरा उचलून धरला.

दुसऱ्या दिवशी त्याला बिशपकडे नेलं. बिशप म्हणजे डिनी हेनेबरी, क्लबचा अध्यक्ष आणि बांधकामाचा ठेकेदार. त्याच्यासमोर उभं राहिलं की माणूस न विचारता पापं कबूल करायला लागे, म्हणून हे नाव. मॅनहॅटनमधल्या एका जुन्या नाटकगृहाचं छत दुरुस्त करायचं काम त्यानं घेतलं होतं, आणि त्या छताला हात लावेल असा एकही माणूस त्याच्याकडे नव्हता.

बिशपनं लॉर्कनचा हात घोड्याचा खूर तपासावा तसा उलटा-सुलटा करून पाहिला. "सोमवारी सकाळी सात वाजता नाटकगृह. त्याच्या आधी रविवारी तीनला मैदान."

"मिस्टर हेनेबरी, मी काय म्हणतो, हा हात एकच आहे. सामना झाला की मग–"

"काठी कुणी आणली?"

"मी."

"शोभेला आणलीस?"

बिशपनं त्याच्या पाठीवर थाप मारली. ज्याला काम मिळालं त्यालाच ती थाप मिळत असे.

आता माझा भाग. नव्या खेळाडूचा दाखला मायदेशातून यायला सहा आठवडे लागत. तोवर त्यानं कुणातरी नोंदलेल्या खेळाडूच्या नावावर खेळायचं, ही सगळ्याच क्लबांची रीत. खेळाडूंची यादी पंचाला द्यावी लागते, ती आयरिश भाषेत, आणि आयर्लंडमध्येच तयार झालेल्या कागदावर. कागद परदेशी निघाला तर समोरचे हरकत घेतात आणि जिंकलेला सामना जातो. थोडक्यात, कागद खरा असला की नाव खोटं चालतं. बारा वर्षं मी त्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहीत आलो होतो.

लॉर्कनला मी सहा नंबर दिला आणि टॉम्सी स्कलीचं नाव दिलं. टॉम्सी मे महिन्यात, नवा हंगाम सुरू व्हायच्या आत, बोस्टनला निघून गेला होता, जरा घाईत. नाव मोकळंच पडलं होतं.

घाईचं कारण असं. आदल्या सप्टेंबरात तांबड्यांविरुद्धच्या सामन्यात पॅट्सी हॅकेट नावाचा त्यांचा गवंडी चेंडू झेलायला हात वर करून उडाला. टॉम्सीनं चेंडूवर काठी फिरवली. चेंडू तोपर्यंत दहा पावलं पुढे गेलेला होता, ही टॉम्सीची बाजू मांडताना आम्हाला नेहमी आड येणारी गोष्ट. पॅट्सीच्या उजव्या हाताची चार हाडं मोडली. पेगनं हात बघितला आणि टेबलावरून उठवून त्याला हॉस्पिटलात पाठवलं. विमा नव्हता. हात वाकडा जुळला. आता तो मायदेशी परतून टिपररीत आपल्या गावच्या दूधडेअरीत झाडू मारतो, डाव्या हातानं.

रविवारचा सामना त्याच तांबड्यांशी होता, पण हे मी लॉर्कनला सांगितलं नाही. तांबड्यांच्या सगळ्यांनी टॉम्सीचं काळ्या केसांचं थोबाड तीन उन्हाळे पाहिलेलं. ह्या पिवळ्या केसांच्या पोराला कोण स्कली समजणार? असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे सांगितलं असतं तर तो खेळला नसता, आणि आमच्याकडे सहा नंबरला दुसरं कुणी नव्हतं.

उलट शनिवारी बसून त्याची तयारी करून घेतली.

"नाव काय?"

"टॉम्सी स्कली."

"पंचानं विचारलं तर?"

"टॉम्सी स्कली."

"इमिग्रेशनचा माणूस आला? साधे कपडे घालून येतात ते, आणि बोलतातही आपल्यासारखंच."

"टॉम्सी स्कली."

"जो विचारील त्याला. गळा धरला तरी."

"आणि आई आली तर?"

"तिला म्हणावं, सामना झाल्यावर भेटतो."

पोरगा हसला. त्याचे दात तेव्हा पूर्ण होते.

रविवारी ऊन असं होतं की मैदानावरचं गवत उभं राहायचं सोडून झोपलं होतं. हर्लिंग म्हणजे तीस माणसं, तीस काठ्या आणि एक चेंडू. चेंडूचा शोध फार वेळ कुणी घेत नाही. पंच शिट्टी वाजवून बाजूला उडी मारतो, तिथून खेळ सुरू.

तांबड्यांचा अकरा नंबर लॉर्कनसमोर उभा राहिला तेव्हा मला प्रथम खटकलं. त्यांच्या यादीप्रमाणे अकरा नंबर जो होता तो फेब्रुवारीत वारला होता. मी मयताला गेलो होतो; सँडविचं चांगली होती. हा मात्र जिवंत, सहा फूट दोन इंच, मान नसलेला, आणि त्यानं पायमोज्यात कार्यक्रमपत्रिका खोचलेली. ती काढून त्यानं सहा नंबरपुढचं नाव बोट ठेवून वाचलं.

"तूच का स्कली?" त्यानं विचारलं.

लॉर्कनला वाटलं, आली परीक्षा. चर्चमध्ये जबाब द्यावा तसा खणखणीत म्हणाला, "हो. टॉम्सी स्कली."

"बरं झालं बाबा, पहिल्याच रविवारी भेटलास," अकरा नंबर म्हणाला, आणि काठीचं टोक त्यानं लॉर्कनच्या बरगडीखाली खुपसलं.

मी तांबड्यांच्या सेक्रेटरीला विचारलं, "कोण रे हा तुमचा कैलासवासी?"

"मुर्टा हॅकेट," तो म्हणाला. "पॅट्सीचा धाकटा भाऊ. मंगळवारी उतरला. का रे?"

"सहज," मी म्हणालो.

पहिल्या दहा मिनिटांत मुर्टानं कोपरानं लॉर्कनची भुवई फोडली. पुढच्या पाचांत मांडीवर काठी बसली, तिचा आवाज पलीकडच्या रस्त्यावर गेला असावा, कारण एक बस थांबली. लॉर्कननं हे सगळं मनावर घेतलं नाही. ऑफलीत नव्या माणसाचं स्वागत असंच करतात. मग एक चेंडू उंच आला. त्यानं झेलायला उजवा हात वर केला, आणि कसं कोण जाणे, शेवटच्या क्षणी अंगठाभर मागे घेतला. मुर्टाची काठी त्या जागेवरून गेली आणि लॉर्कनच्या डाव्या हातातल्या काठीवर आदळली. काठीच्या उभ्या दोन चिरफळ्या झाल्या. चेंडू टप्पे खात निघून गेला. त्याच्याकडे दोघांपैकी कुणी पाहिलंही नाही.

"हात मोडायचाय तुला?" लॉर्कन म्हणाला.

"उजवा," मुर्टा म्हणाला. "मला घाई नाही. अजून बराच वेळ आहे."

त्यानंतर लॉर्कन जे खेळला त्याला हर्लिंग म्हणत नाहीत. दुसरी काठी घेतली, ती डाव्या हातात, आणि उजवा हात पाठीमागे, कमरेच्या पट्ट्यात खोचलेला. हातासाठी काढलेला प्रत्येक फटका तो खांद्यावर, पाठीवर, नडगीवर घेत होता. एक तोंडावर घेतला.

"लग्नात नाचायला आलायस का रे, मुडद्या!" बिशप ओरडत होता. "हात काढ बाहेर! हात!"

आमच्या गोलकीपरला हे बघवलं नाही. तो धावत येऊन मुर्टाच्या पाठीवर आदळला. मग त्यांचे दोघे आमच्या गोलकीपरवर, आमचे चौघे त्या दोघांवर. कडेच्या बायकांनी छत्र्या मिटून घेतल्या. उन्हासाठी आणलेली छत्री मिटलेली जास्त उपयोगी पडते, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. पंच घड्याळ बघत उभा राहिला. चार मिनिटांनी सगळे दमले तेव्हा त्यानं शिट्टी वाजवली आणि दोन्हीकडचा एकेक माणूस बाहेर काढला. त्यातला एक सामना बघायला आलेला होता.

मध्यंतराला लॉर्कन गवतावर बसला, तळहातावर दात थुंकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅलकी, स्कलीनं काय केलं होतं?"

मी सांगितलं. चार हाडं, दूधडेअरी, झाडू. काही गाळलं नाही. आता गाळून उपयोग नव्हता.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"मग जाऊन सांगा त्याला, मी तो नव्हे."

बिशप पाण्याची बादली घेऊन उभा होता. "खुशाल सांग," तो म्हणाला. "ते लगेच हरकत घेतील. सामना गेला. सामना गेला की तुझी खाट गेली, सोमवार गेला, आणि ह्या शहरातला प्रत्येक निळा ठेकेदार तुला बघून रस्ता ओलांडील."

"आणि हात गेला तर? सोमवारी छताला काय लावू, कपाळ?"

"थापी डाव्या हातानं धरायला शिक. तरुण आहेस."

बिशपनं बादली त्याच्या डोक्यावर रिकामी केली. पाणी तांबडं होऊन खाली आलं. लॉर्कननं एकदा आपला उजवा हात पाहिला, मूठ केली, उघडली, सगळी बोटं हलतात का बघितलं, आणि उठला.

दुसऱ्या भागात त्यानं मार खायचं बंद केलं. तो ऑफलीचा होता, संत नव्हता. पहिल्याच चेंडूला त्यानं काठी खालून वर आणली आणि मुर्टाचं नाक गालाकडे वळलं. मुर्टानं नाक चिमटीत धरून कटकन पुन्हा मध्ये आणलं, रक्त थुंकला आणि हसला. "हां, आता शोभतोस स्कली!" मग दोघं चेंडू नसलेल्या बाजूला एकमेकांना असे बडवत राहिले की बाकीच्यांचा खेळ कुणी बघेना. लॉर्कनचा कान फाटला. मुर्टाच्या गुडघ्यावर काठी बसली तेव्हा तो खाली बसला आणि बसल्या बसल्या त्यानं लॉर्कनच्या घोट्यावर हाणली. लॉर्कन पालथा पडला. पडताना माणूस हात टेकतोच. त्यानंही टेकला. उजवा.

मुर्टानं त्या मनगटावर बूट ठेवला.

मी वीस-पंचवीस पावलांवर होतो. बोटं गवतावर पसरलेली दिसत होती. मुर्टा सावकाश उभा राहिला, बूट तसाच, आणि दोन्ही हातांनी काठी डोक्यामागे नेली. पंच दुसरीकडे बघत होता. तो नेहमीच तिकडे बघत असे.

"मी स्कली नाही!" लॉर्कन ओरडला. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "डेलाहंट! लॉर्कन डेलाहंट, किनिटीचा! गुरुवारी आलोय! प्लास्टर करतो मी. हात बघ, अरे हात बघ आधी!"

माझ्या शेजारी बिशपनं डोळे मिटले. सामना गेला होता.

मुर्टानं खाली पाहिलं. गवंड्यांच्या घरात वाढलेला माणूस. चुन्यानं खाल्लेली बोटं त्यानं जन्मल्यापासून ताटावर पाहिलेली. काठी हवेतच राहिली.

"स्कली ट्रक चालवायचा," तो म्हणाला. "पॅट्सी म्हणाला होता."

"असेल. मी त्याला बघितलंसुद्धा नाही."

"मग हो कशाला म्हणालास, गाढवा?"

"म्हणायला सांगितलं होतं."

"कुणी?"

लॉर्कनचा हात अजून बुटाखालीच होता. त्यानं हनुवटीनं दाखवलं. "यादी लिहितो तो."

पळावं असं माझ्या मनात आलं. पण वयाची पन्नाशी, आणि बगलेत क्लबची फाईल. शिवाय पळायला वाट लागते. मुर्टा मैदान ओलांडून येऊ लागला तशी आमची माणसं दोन्ही बाजूंना सरकली; लग्नाला पाद्री येताना सरकतात तशी. बिशप तर तीन पावलं सरकला. एका बाईनं छत्री आवरून घेतली.

मुर्टा कुंपणाशी येऊन थांबला. नाकातून रक्त चालूच होतं. माझे पांढरे केस बघून तो एकदम अहो-जाहोवर आला.

"टॉम्सी स्कलीचं नाव तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"पॅट्सीचं माहीत असून?"

"हो."

"कुठल्या हातानं लिहिता?"

माझे डोळे उजव्या हाताकडे गेले. पुढे तो हात कुंपणाच्या लोखंडी दांडीवर होता. मी आपणहून ठेवला की त्यानं धरून ठेवला, हे मला आजही सांगता येत नाही. पेग तिथं होती. ती म्हणते, ठेवलास.

काठी एकदाच आली. आवाज मला सुक्या काटकीसारखा वाटला, आणि पहिला विचार आला तो हा की कुणाचं तरी काहीतरी मोडलं. मग मी खाली होतो. खालून मुर्टाचा बूट दिसत होता, आणि पलीकडे लॉर्कन मैदानाच्या मध्यात बसून आपलं मनगट दुसऱ्या हातानं चोळत होता. तो माझ्याकडे बघत होता. उठला नाही.

त्यानंतर काय झालं ते मी आडव्यानं पाहिलं, म्हणून क्रम सांगता येत नाही. आमच्या माणसांना माझ्याबद्दल एकाएकी प्रेम वाटलं आणि त्यांनी मुर्टाला धरलं. तांबडे कुंपण तोडून आले. बिशपच्या टकलावर कुणीतरी कोपऱ्यातला झेंडा मोडला. पंचानं सामना रद्द केला, तेवढ्यासाठी त्याला चौघांनी मारलं.

पेगनं हात बघितला. "हाडं आहेत," ती म्हणाली. "मी जोडत नाही." तिच्या नोकरीमुळे माझा विमा होता. त्या मैदानावर मोडलेल्या हाडांपैकी फुकट जुळली ती माझीच. हॉस्पिटलातल्या कारकुनानं विचारलं, हे कसं झालं? मी म्हणालो, लिहिताना. त्यानं तसंच टिपून घेतलं.

बिशपनं लॉर्कनची बॅग त्याच संध्याकाळी फुटपाथवर ठेवली. तांबड्यांच्या ठेकेदारानं ती तिथूनच उचलली. आमच्याविरुद्धच्या हरकतीला त्यांना साक्षीदार हवा होता, आणि क्वीन्समधल्या एका चर्चच्या छताला प्लास्टरवाला. खाट मिळाली ती मुर्टाच्या खोलीत. दोघांच्या मध्ये एकच खुर्ची होती, तिच्यावर बर्फाची पिशवी. ती आळीपाळीनं वापरत म्हणे.

सोमवारी संध्याकाळी तो आमच्याकडे आला. एक डोळा बंद, भुवईवर सहा टाके, कानाला पट्टी, चालताना लंगडणं. केसांत चुना. उजवा हात मनगटाशी निळाजांभळा झालेला, पण बोटं शाबूत, आणि त्यांच्यावर दिवसभराच्या कामाची पांढरी पूड. पेगचे टाके काढायला अजून आठवडा होता. मी म्हणालो, बस. तो बसला नाही. माझ्या हाताच्या प्लास्टरकडे बघत राहिला.

"हे कुणी केलं?"

"डॉक्टरनं."

"शिकाऊ असणार. कड बघा कशी सोडलीय. कातडीत घुसेल ना ती." तो पेगकडे वळला. "काकू, वाटीभर पाणी द्या. आणि एक बोथट सुरी."

त्यानं माझा हात टेबलावर ठेवून घेतला, सुरीनं कड हळूहळू खरवडली, मग अंगठा पाण्यात बुडवून ती गोल फिरवत गुळगुळीत करू लागला. इतक्या हलक्या हातानं माझ्या हाताला त्या दोन दिवसांत कुणी शिवलं नव्हतं.

शेवटी मी विचारलं, "राग आहे का रे माझ्यावर?"

"आहे," लॉर्कन म्हणाला. "हात हलवू नका."